बीडीडी चाळीचा स्टडी करताय? आधी पाण्याचं पिंप बघा

आर्किटेक्चरला साइट म्हणून मुंबईत वरळी नाहीतर नायगावची बीडीडी (म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची) चाळ मिळाली की सगळे आधी टेप काढतात. आम्हीपण तेच केलं, तळमजला अधिक तीन मजले, मधे लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० स्क्वेअर फुटांच्या खोल्या, प्लॅन एकदम व्यवस्थित आला आणि तिथे माणसं कशी राहतात ते त्यात कुठेच नव्हतं.

म्हणून सांगते, एकच वस्तू धरा आणि तिच्या मागे मागे जा. मी मोरीतलं २०० लिटरचं पिंप धरलं.

सकाळी पाणी यायच्या वेळेला जा, आदल्या दिवशी काकूंना विचारून ठेवा, वही-टेप बॅगेतच राहू द्या. पिंप भरलं की नुसतं पाणीच २०० किलो, आणि ते उभं असतं जेमतेम पाव चौरस मीटरवर. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) धरतात, पिंपाखाली त्याच्या चौपट पडतं, आता हे घेऊन स्ट्रक्चरच्या सरांकडे जा. मग खालच्या घरात जाऊन त्याच मोरीखालचं छत बघा. ओल, पोपडे, उघडी पडलेली सळई... पाणी झिरपून सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की वरचं काँक्रीट फोडते, हे मला पुस्तकात तीनदा वाचून कळलं नव्हतं ते तिथे मान वर करून कळलं.

पाणी ठरावीक वेळेलाच का येतं, ते भरायला घरातलं कोण उठतं, त्यावर कोणाची कामावर जायची वेळ ठरते, हेपण विचारा. ही समाजशास्त्राची बाजू, आणि प्लॅनइतकीच महत्त्वाची.

इतिहास थोडक्यात बघितला तरी चालेल पण सोडू नका. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, उजेड-हवेसाठी ६३.५ अंशांचा नियम आला (इमारतीच्या उंचीवरून शेजारच्या इमारतीपर्यंतचं अंतर ठरवणारा), १९२० च्या दशकात या चाळी उभ्या राहिल्या. दोन इमारतींमधलं अंतर म्हणजे आपला डिझाइनचा विषय असं मी धरून चालले होते, त्याच्यामागे साथीचा रोग आहे हे कळल्यावर सगळा सिलॅबस वेगळाच दिसायला लागला.

आता म्हाडाच्या पुनर्विकासात ५०० स्क्वेअर फुटांची घरं मिळतायत, तेव्हा टॉवरमधल्या पंपाचा आणि लिफ्टचा महिन्याचा खर्च कसा भागवणार तेपण लोकांना विचारा. आणि जुन्या चाळी उभ्या आहेत तोवर जा.

शीटवर एकच मोठा सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढा, नळापासून खालच्या घराच्या छतापर्यंत, आणि पिंपात पाण्याची लेव्हल दोनदा दाखवा, सकाळी पाणी गेल्यावरची आणि रात्री जेवणाची भांडी घासून झाल्यावरची.