जर्मनीत मास्टर्स: कोणता कागद आधी, कोणता नंतर

जर्मनीला जायचं ठरलं की मुलं युनिव्हर्सिट्यांच्या याद्या करत बसतात. आधी एपीएस उरका. दिल्लीतलं हे कार्यालय तुमच्या मार्कशीट आणि डिग्री खऱ्या आहेत का ते तपासतं. फी १८,००० रुपये. नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसाला हे प्रमाणपत्र लागतं आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात. ऑक्टोबरच्या हिवाळी सत्राला जायचं असेल तर एपीएसचा अर्ज आदल्या वर्षीच टाका. युनिव्हर्सिटीच्या अर्जाची १५ जुलै ही शेवटची तारीख सगळ्यांना पाठ असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक कोर्सचे दरवाजे मार्च ते मे दरम्यानच बंद होतात.

मग गुणांचा हिशोब. जर्मनीत १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा पासिंगने भागा, ३ ने गुणा, वर १ मिळवा. सीजीपीए १० पैकी ८.२ आणि पासिंग ४ असेल तर १.९ येतो, पासिंग ५ धरलं तर २.०८. कोर्सची अट २.० असेल तर इथेच प्रवेश हुकतो! म्हणून मार्कशीटच्या मागे पासिंग छापलेलं नसेल तर कॉलेजकडून तसं पत्र शिक्क्यासह घ्या.

अनेक युनिव्हर्सिट्यांचे अर्ज युनि-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात: पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पैसे पोचल्याशिवाय ते फाईल उघडत नाहीत, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात भरलेला अर्ज बहुधा वाया जातो. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत शिक्षण फी नाही; बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र सत्राला १,५०० युरो आहेत.

प्रवेशपत्र हातात आलं की ब्लॉक्ड अकाउंट. त्यात वर्षाच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो भरायचे, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ मिळतात. नेमकी तेवढीच रक्कम पाठवली आणि मधल्या बँकेने वीस युरो कापले, की खात्यात ११,८८४ पडतात आणि व्हिसाला लागणारं पुष्टिपत्र अडकतं. शंभरेक युरो जास्त पाठवा, ते बुडत नाहीत. संदर्भ क्रमांक जसाच्या तसा लिहा. वडिलांच्या खात्यातून पैसे जाणार असतील तर बँकेत त्यांनाच सोबत न्या, कारण परदेशी पैसे पाठवायच्या ए२ फॉर्मवर सही त्यांची लागते.

हे ९९२ युरो पोचल्या दिवशी हातात येत नाहीत. त्यासाठी आधी जर्मन बँकेत खातं उघडावं लागतं. घराची अनामत कायद्याने हीटिंग-पाण्यासारखे खर्च वगळून उरणाऱ्या महिन्याच्या भाड्याच्या तिप्पट असू शकते. तेव्हा पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे काढून ठेवा. खोली घेताना एकच प्रश्न आधी विचारा: "आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होईल का?" राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म हवा. "पत्ता नोंदवू नका, भाडं कमी करतो" म्हणणाऱ्याकडे राहिलात तर व्हिसा संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज करताना अडचण तुम्हालाच येईल.