लॅटिनो वस्त्यांमधील एचआयव्ही प्रतिबंध: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करून एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात येऊ पाहणारे मराठी विद्यार्थी मला बहुधा आधी स्पॅनिशबद्दल विचारतात. माझ्या मते ती शिकायलाच हवी, मात्र त्यामुळे प्रशिक्षित दुभाष्याची गरज संपत नाही.

अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक, सुमारे एक पंचमांश आहेत, पण २०२२ मधील नव्या संसर्गांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांच्यात झाले, असा सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे. विमा नसणे, वास्तव्याची कागदपत्रे नसल्याची भीती आणि समलिंगी संबंधांविषयीचा कलंक ही कारणे आहेतच, आणि भाषेच्या अडचणीमुळे ती प्रत्येक अधिक जड होतात. संसर्गाची शक्यता निर्माण झाल्यावर घ्यायचे पेप हे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. दवाखान्याचा फोन केवळ इंग्रजीत उचलला जात असेल, तर त्यातले बरेच तास तिथेच जातात.

खरी कसोटी समुपदेशनाच्या खोलीत लागते. जोडीदार किती, कोण, निरोध वापरला का, हे प्रश्न पत्नी किंवा किशोरवयीन मुलगी भाषांतरित करत असेल, तर समोरचा माणूस सगळ्यांना ‘नाही’ म्हणतो आणि संसर्ग टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या प्रेप या औषधाचा विषय निघतच नाही. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याखालील नियमांनी मुलांना दुभाषी करण्यावर बंधने घातली आहेत, ती याच अनुभवाला धरून आहेत असे मला वाटते. छोट्या गावात ओळखीचा दुभाषीही अडचणीचा ठरतो, कारण रविवारी दोघे एकाच चर्चमध्ये भेटणार असतात. अशा वेळी दूरच्या राज्यातला, नाव न कळणारा फोनवरचा दुभाषी मी अधिक सुरक्षित मानतो. शिवाय ग्वाटेमालाहून आलेल्या कित्येकांची घरची भाषा माम किंवा किचे असते, मेक्सिकोच्या वाहाका भागातून आलेल्यांची मिश्तेक; त्यांच्या हाती स्पॅनिश पत्रक देऊन काम झाले असे समजू नये. गोळी रोज कशी घेणार, पुन्हा तपासणी कधी, हे त्यांच्याच तोंडून सांगवून घ्यावे.

वस्तीतूनच निवडलेल्या ‘प्रोमोतोरेस’ या आरोग्यसेवकांबरोबर शिकत असतानाच स्वयंसेवा करावी. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने एचआयव्ही प्रतिबंधासाठी समवयस्क शिक्षिकांमार्फत केलेले काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही पद्धत लगेच उमगेल. वैद्यकीय दुभाष्याच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी किमान ४० तासांचे प्रशिक्षण लागते. परीक्षा दिली नाही तरी ते प्रशिक्षण घ्यावे, कारण दुभाष्याबरोबर काम कसे करायचे हे त्यातून कळते.

या क्षेत्रातली बरीचशी पदे अनुदानावर चालतात आणि पदवीनंतरच्या ओपीटीत (विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या मुदतीत) एकूण ९० दिवसांहून अधिक बेरोजगार राहता येत नाही, म्हणून अनुदान कधी संपते हे मुलाखतीतच विचारावे. त्याच वेळी हेही विचारावे की संध्याकाळी पाचनंतर स्पॅनिशमध्ये फोन कोण घेते आणि माम बोलणारी व्यक्ती आली तर काय केले जाते.