बिबड्यांचे दिवस, भाजलेली मान आणि लॅव्हेंडरचा एक थेंब

आमच्या खानदेशातल्या अमळनेर तालुक्यात एप्रिल-मे म्हणजे बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस. ज्वारीचा घाटा शिजला की धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, साडी अंथरायची आणि बायकांनी ओळीने थापायला बसायचं. वाकून बसल्यामुळे ऊन पडतं ते थेट मानेवर आणि हाताच्या पाठीमागे. त्या वेळी काही जाणवत नाही. तीन-चार तासांनी कातडी लाल व्हायला लागते आणि रात्री चटका खरा कळतो. मग शेजारची काकू येते, "माय वं, आग आग होई राहिनी, तुनं ते वासनं तेल दे ना."

तेल मी देते, पण त्या दिवशी नाही. इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडापानांतून काढलेलं हे तीव्र वासाचं तेल, वापरणाऱ्या प्रत्येकीला मला हेच सांगायचं आहे: कातडी तापलेली असेपर्यंत बाटली उघडायची नाही.

पहिला दिवस पाण्याचा. नळाचं पाणी घेऊ नका. गच्चीवरच्या टाकीतून मे महिन्यात दुपारी चहाचं आधण येतं. माठातलं पाणी घ्या, त्यात जुन्या धोतराचा मऊ तुकडा बुडवून, हलका पिळून मानेवर ठेवा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट लावू नका, भाजलेल्या कातडीला त्याने वेगळीच इजा होते. खोबरेलही आज नको, तेलाचा थर आतली धग कोंडून ठेवतो. पाणी, ताक भरपूर प्या.

मग कोरफड. पान बुडापासून कापायचं आणि कापलेली बाजू खाली करून वाटीत पंधरा मिनिटं उभं ठेवायचं. पिवळा चीक गळून जाऊ द्या, कित्येकींना खाज सुटते ती त्याच चिकाने. मग पान धुऊन, साल काढून, आतला पारदर्शक गर तेवढाच घ्या. वाटी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तर लावताना फार बरं वाटतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात लावून बघा. धग गेली असेल, कातडी ओढल्यासारखी कोरडी वाटत असेल आणि कुठे फोड नसेल, तर आता लॅव्हेंडरच्या फुलांचं तेल. दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० मिली खोबरेल किंवा तिळाचं तेल, आणि त्यात एक थेंब. एकच. हे प्रमाण जवळपास अर्धा टक्का होतं. चांगलं ढवळून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा, २४ तास वाट पाहा, मगच मानेवर. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकू नका. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि तसंच्या तसं अंगाला चिकटतं.

लॅव्हेंडरने कातडी लवकर भरून येते असं मी म्हणणार नाही, तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण तेलाने कोरडेपणा कमी होतो, वासाने मन निवतं, आणि मला तरी त्या रात्री झोप लागते.

चार वर्षांपूर्वी मी टी ट्रीचं तेल न मिसळता तसंच मानेवर चोळलं होतं. बाटली वर्षभर पत्र्याखालच्या फळीवर उभी होती. दोन तासांत मानभर पुरळ आलं आणि आठवडाभर डोक्यावर पदर घेता आला नाही. डॉक्टरांनी समजावलं, उष्णता आणि हवा लागून ही तेलं बदलतात, आणि बदललेल्या तेलाची ॲलर्जी जास्त येते. लॅव्हेंडरचंही तसंच. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, म्हणून बाटली गडद काचेची घ्या, झाकण घट्ट लावा, फ्रिजच्या दारात ठेवा आणि उघडल्याची तारीख वर लिहा. वास बदलला की टाकून द्या.

लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्याच कुळातलं फळ) यांची तेलं या कामाला अजिबात घेऊ नका. ती लावून उन्हात गेलं तर कातडी आणखी भाजते, काळे डाग राहतात. गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज येते, त्यांनी कॅमोमाइलच्या फुलांच्या तेलापासून लांब राहावं, दोन्ही झाडं एकाच कुळातली. पेपरमिंटचा गारवा लहान मुलांना सोसत नाही, आणि लहान मुलांच्या भाजलेल्या अंगावर मी कुठलंच इसेन्शियल ऑइल लावत नाही. गरोदर बाईने, दम्याच्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारावं.

रोशा तेलाचं मला नेहमी विचारतात. नंदुरबार, पिंपळनेरकडे पूर्वी रोशा गवताच्या भट्ट्या लागायच्या, खानदेशचं ते तेल नावाजलेलं. माझी आजी गुडघ्यांना चोळायची. पण ते तीव्र आहे, दुखऱ्या सांध्यासाठीच ठेवा, भाजल्या जागी नको.

फोड आले तर फोडू नका, त्यावर काहीही लावू नका, दवाखाना गाठा. ताप, उलटी, चक्कर असेल, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो ऊष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घेऊन, अंग ओलं करून, वारा घालत ताबडतोब दवाखान्यात न्या.

यंदा आम्ही पाच जणी कापूस वेचताना घालतो तसे पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट साडीवर चढवून धाब्यावर बसलो, मानेभोवती ओला रुमाल बांधून. घाटा नऊच्या आत संपावा म्हणून चूल चारला पेटवली.