मिनी ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट बदलताना: आधी टेप, मग करवत

पावसाच्या तोंडावर पुरंदरच्या अंजीर-सीताफळाच्या बागांत रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) जुंपले जातात आणि वर्षभर दुर्लक्षित राहिलेला पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा, खडखडायला लागतो. मग घाईत नवा शाफ्ट आणून तसाच चढवला जातो. नवा शाफ्ट बहुतेक वेळा गरजेपेक्षा लांब असतो आणि तो मापात कापावा लागतो. बाकी काम अर्ध्या तासाचं. सगळी गोम या कापण्यात आहे.

आधी शाफ्ट खरोखर गेला आहे का ते बघा. इंजिन बंद, चावी खिशात. शाफ्टच्या सांध्यात चार टोकांचा क्रॉस असतो; दोन्ही हातांनी त्याच्या दोन बाजूंचे योक, म्हणजे त्याला धरणारे दुहाती तुकडे, पकडून उलटसुलट पिळा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपापाशी हालचाल जाणवली आणि कडेला तांबूस भुकटी दिसली, तर ग्रीस संपून कपातल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. अशा वेळी नुसता क्रॉस बदलून भागतं. पण पाइप पिळलेला असेल, एकमेकांत सरकणाऱ्या दोन पाइपांमध्ये झोल असेल किंवा योकमधली कपाची भोकं लंबगोल झाली असतील, तर क्रॉसवर एक रुपयाही घालवू नका. लंबगोल भोकात ठोकून बसवलेला कप फिरत राहतो आणि नवा क्रॉसही खातो.

पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुना शाफ्ट सोबत न्या. मिनी ट्रॅक्टरला साधारणपणे १ पूर्णांक ३/८ इंचाचा, म्हणजे ३५ मिलिमीटरचा, सहा दाती जोड असतो. त्यापलीकडे क्रॉसचं माप जुळलं पाहिजे: कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांची एकूण लांबी. २२ × ५४ आणि २३.८ × ६१.३ मिलिमीटर ही लहान शाफ्टवर नेहमी सापडणारी मापं. अंदाजाने घेऊ नका, व्हर्नियर लावा. नवा योक ट्रॅक्टरच्या दात्यांवर बसवून हलवून बघा. तिथेही तो डुगडुगला, तर झिजला आहे तो ट्रॅक्टरचा स्टब, म्हणजे बाहेर आलेला दात्यांचा दांडा, आणि नुसत्या शाफ्टने काम होणार नाही.

जुना काढायला लॉक पिन दाबून योक मागे ओढायचा. गंजून बसला असेल तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. हातोड्याने स्टबच्या टोकावर ठोकू नका, तो मार थेट आतल्या बेअरिंगला बसतो.

आता माप. सगळ्यात जास्त चूक इथे होते: रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला असताना माप घेतलं जातं. त्या अवस्थेत अंतर बऱ्याचदा जास्त भरतं. हायड्रॉलिकने उचलताना खालचे दोन आर्म कमानीत वर जातात, रोटाव्हेटर पुढे सरकतो आणि शाफ्ट दबतो. पाइप आत टेकला की दोन्ही बाजूंना धक्का बसतो: इकडे पीटीओचं बेअरिंग आणि ऑइल सील, तिकडे रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचं पिनियन बेअरिंग. हायड्रॉलिकचा जोर एवढा असतो की शाफ्ट वाकतो, नाहीतर गिअरबॉक्सला तडा जातो.

म्हणून रोटाव्हेटर जोडा, शाफ्ट लावू नका. ट्रॅक्टरच्या स्टबवरच्या लॉकच्या खाचेपासून रोटाव्हेटरच्या स्टबवरच्या खाचेपर्यंत टेप धरा. पूर्ण खाली, दोन्ही स्टब एका पातळीत, त्याहून थोडं वर आणि पूर्ण वर, अशा चार उंचींवर माप घ्या. दर वेळी इंजिन बंद करून रोटाव्हेटरखाली लाकडी ठोकळे घाला; नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली वाकू नका. सगळ्यात कमी माप जिथे आलं, त्या उंचीवर रोटाव्हेटर ठोकळ्यांवर ठेवा.

शाफ्टचे दोन भाग वेगळे करा. एक ट्रॅक्टरला, एक रोटाव्हेटरला लावा आणि मधे शेजारी-शेजारी धरा. प्रत्येक भागाचं टोक समोरच्या गार्डच्या (पाइपावरच्या प्लास्टिकच्या संरक्षक नळीच्या) शंकूपासून ४० मिलिमीटर अलीकडे राहील, अशी गार्डवर खूण करा. दोन्ही गार्ड सारख्याच लांबीने कापा. कापलेला प्लास्टिकचा तुकडा माप म्हणून लोखंडी पाइपावर धरा आणि दोन्ही पाइप तेवढेच कापा. चार काप, चारही सारखे. एकच पाइप कापून काम उरकलं, तर दुसरा आत टेकतोच.

हेक्सॉने कापा किंवा ग्राइंडरने, पण नंतर कानस मारलीच पाहिजे. आतल्या कडेला राहिलेली बर (कापताना उरलेली धारदार कड) दुसऱ्या पाइपाला ओरखडत राहते. लोखंडाचा चुरा फडक्याने पुसून मगच ग्रीस लावा.

आता उलटी बाजू तपासा. शाफ्ट सगळ्यात जास्त ताणला जाईल त्या अवस्थेतही पाइप एक तृतीयांश तरी एकमेकांत हवेत: ४५० मिलिमीटरच्या पाइपात निदान १५०. बांध ओलांडताना पुढची चाकं चढतात तेव्हाचाही विचार करा. दोन्ही अटी एकाच वेळी बसत नसतील, तर तो शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरचा नाही. दुसऱ्या लांबीचा घ्या. तुकडा वेल्ड करून वाढवलेला शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाइप जुळवताना दोन्ही आतले, म्हणजे पाइपाला जोडलेले, योक एका रेषेत हवेत. चौकोनी पाइप ९० अंश फिरूनही आत जातो, म्हणून डोळ्यांनी खात्री करा. ३० अंशांच्या कोनात एकच क्रॉस ५४०ची गती प्रत्येक फेरीत ४६८ ते ६२४ अशी हलवतो. योक एका रेषेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तर दुसरा क्रॉस हा फरक मिटवतो. योक चुकले, तर तो वाढवतो. कोन टॉप लिंकने (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याने) जुळवा.

शिअर बोल्टचं (जास्त भार आला की आधी तुटणाऱ्या बोल्टचं) टोक रोटाव्हेटरकडे. लॉक पिन खाचेत बसल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा, मग योक ओढून बघा. गार्डच्या साखळ्या अडकवा. गार्ड काढून टाकून चालवू नका, धोतराचा सोगा किंवा ओढणी एका फेरीत गुंडाळली जाते. रोज कामाआधी क्रॉसला आणि पाइपांना ग्रीस द्या. वळताना पीटीओ बंद करून मगच रोटाव्हेटर उचला.

तासभर चालवल्यावर थांबवून पाइप सोडवा. आतल्या पाइपाचं टोक घासून चकचकीत झालेलं दिसलं, तर तो अजून टेकतोय. चारही भाग पुन्हा दहा-दहा मिलिमीटर कापा आणि एक तृतीयांशाचं माप परत घ्या.