पणत्या-कुंड्यांवरची ब्रशकला: आधी कॉमाचं शेपूट सुधारा

डिचोलीहून आणलेल्या मातीच्या कुंड्या तुळशीच्या लग्नापर्यंत रंगवून हव्या असतील, तर सराव चवथीच्या आधी सुरू करा. पंधरा ब्रशांचा संच घेऊ नका. चार नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश, एक बारीक लायनर (रेषा काढायचा लांब केसांचा ब्रश), ॲक्रिलिक रंग आणि जुनं फडकं, एवढं पुरतं.

सराव न्हाणीघराच्या उरलेल्या गुळगुळीत टाइलवर करा. चुकलं की ओल्या फडक्यानं पुसता येतं. कोरी माती रंगातलं पाणी ओढून घेते आणि ब्रश अडखळतो. तिथे शिकायला बसणं म्हणजे स्वतःला उगाच छळणं.

रंग आंबोळीच्या पिठापेक्षा पातळ, सोलकढीपेक्षा दाट हवा. केसांचा दोन तृतीयांश भागच रंगात बुडवा. रंग वरच्या धातूच्या पट्टीत शिरून सुकला की केस फाकतात आणि ब्रश पुन्हा टोक धरत नाही.

आता कॉमा, म्हणजे गोल डोकं आणि निमुळतं शेपूट असलेला स्वल्पविरामासारखा फटकारा. बहुतेक सगळे इथेच अडकतात, मीही बराच काळ अडकले होते. करंगळी टाइलवर टेकवा, ब्रश जवळजवळ उभा धरा. टोक टेकवून केस पसरेपर्यंत दाबा. हे झालं डोकं. तिथे क्षणभर थांबा. मग किंचित वळण देत ब्रश स्वतःकडे ओढा आणि *ओढता ओढताच* दाब कमी करत या. आधी ओढून मग उचलायचं नाही. शेवटी ब्रश नुसत्या टोकावर उभा राहिला पाहिजे. तसा राहिला की मगच उचला. निम्मा वेळ डोक्याला, निम्मा शेपटाला.

‘मनगटाला झटका द्या’ हा सल्ला जो देईल, त्याचं काम आधी बघा. झटक्यानं शेपूट बोथट होतं नाहीतर तुटतं. हात कोपरापासून हलवायचा. शेपटाला दोन फाटे फुटले, तर रंग कमी पडलाय किंवा ब्रशला टोक नव्हतं. मध्येच कोरडं खरखरीत दिसलं, तर रंग दाट. कडा पसरल्या, तर पाणी जास्त. कारण शोधा आणि नवा कॉमा काढा. त्याच कॉमावरून पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, कारण जोड लपत नाही. जुन्या पद्धतीच्या आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चित्रांच्या फरशा, न भाजलेल्या ग्लेझवर (काचेसारख्या लेपावर) रंगवतात. ते ग्लेझ पाणी लगेच पिऊन टाकतं, त्यामुळे त्या कारागिरांना दुरुस्तीची सोयच नसते.

बाकीचं सोपं आहे. इंग्रजी एसच्या आकाराचा फटकारा काढताना टोकावर सुरुवात, मध्ये दाब, पुन्हा टोकावर शेवट. शेपटं मध्याकडे वळवलेले पाच कॉमा म्हणजे फूल, समोरासमोर दोन म्हणजे पान. ठिपके ब्रशच्या मागच्या टोकानं. वेलीसाठी लायनर घ्या आणि रंग शाईइतका पातळ करा.

भांड्यावर उतरण्याआधी बेसचे, म्हणजे खालच्या सपाट रंगाचे, दोन हात द्या. पावसाळ्यात माती दमट राहते, म्हणून भांडं आधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर रंगाचे पापुद्रे सुटतात. कुंडीला आतून सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, लावलाच पाहिजे. रोजचं पाणी मातीतून झिरपून बाहेरचा रंग उचलतं. पणतीची आतली बाजू आणि वातीची चोच मात्र कोरी ठेवा. तिथे तेल आणि ज्योत दोन्ही येतात.

वॉर्निश दुसऱ्या दिवशी लावा. पाऊस असेल तर आणखी एक दिवस थांबा.