खिशातला चाकू की म्यानातली सुरी: पारख कशी करायची

जुन्या माणसांच्या बोलण्यात हा फरक शब्दांतच असायचा. मिटतो तो चाकू, मिटत नाही ती सुरी. पुढे तीच सोय वापरली आहे: चाकू म्हणजे पातं मुठीत दुमडणारा, आणि सुरी म्हणजे म्यानात राहणारी, सहा ते दहा सेंटिमीटर पात्याची छोटी सुरी. स्वयंपाकघरातली मोठी सुरी इथे नाही.

पहिला प्रश्न ‘कोणता चांगला’ हा नाहीच. कागद घ्या आणि गेल्या पंधरा दिवसांत घराबाहेर काय काय कापलं ते लिहा. पार्सलची टेप, दुधाची पिशवी, सुतळी, पेरू, झाडाची फांदी, केबल टाय. प्रत्येकापुढे तीन खुणा करा: हात ओले होते का, एक हात अडकलेला होता का, टोक रुतवावं लागलं का किंवा पातं पिळावं लागलं का. बहुतेक ओळींपुढे तिन्ही खुणा नसतील तर चाकू पुरतो. निम्म्याअधिक ओळींपुढे एखादी तरी खूण असेल तर सुरी घ्या. चाकूची सगळी बढाई तो खिशात मावतो यात आहे. कापण्याच्या कामात सुरी जवळजवळ नेहमीच सरस. आणि रोज वीस खोकी फोडायची असतील तर दोन्ही नकोत, तुकडे मोडत जायचा साधा कटर घ्या. पुठ्ठा चांगल्या पात्याची धार फार लवकर खातो.

आधी मोजपट्टी

पातं मुठीत मावायचं तर मूठ पात्यापेक्षा लांबच लागते. साडेसात सेंटिमीटर पात्याला साधारण दहाची मूठ, म्हणजे उघडल्यावर साडेसतरा आणि मिटल्यावर दहा. तेवढ्याच पात्याची सुरी साधारण सतरा भरते, पण ती सतराचीच राहते, वर म्यान वेगळं. पँटच्या पुढच्या खिशात ती बसता-उठता टोचते. तिची जागा पट्ट्यावर नाहीतर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात.

आकड्यांनी फसू नका. स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सचा ‘९१ मिलिमीटर’ हा मिटलेल्या चाकूच्या लांबीचा आकडा आहे, पात्याचा नव्हे. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूचा ‘८ नंबर’ म्हणजे आठ सेंटिमीटर नव्हे. त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर भरतं. सुऱ्यांमध्ये स्वीडनची मोराकनिव्ह कंपॅनियन ही तुलनेसाठी बरी: पातं सुमारे दहा सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, प्लॅस्टिकचं म्यान.

जाडी पाठीवर मोजतात. दोन ते अडीच मिलिमीटर हे रोजच्या कामाचं माप. चार मिलिमीटरची छोटी सुरी दुकानात दणकट वाटते, पण ती कांदा चिरत नाही, फोडते. अर्थात पाठीच्या जाडीइतकीच धारेच्या किंचित वरची जाडी महत्त्वाची, आणि ती कळायला सफरचंद पुरतं. मधोमध कापत जा. पातं निम्म्यावर असताना फळ ‘टच्’ करून पुढे आपोआप दुभंगलं तर पातं पाचरीसारखं काम करतंय. शेवटपर्यंत शांतपणे कापलं गेलं तर पातं बारीक उतरवलेलं आहे. ही परीक्षा चाकू-सुरी दोघांचीही घ्या. किंमत सारखी असेल तर सुरीचं पातं बहुधा उजवं निघतं, कारण तिच्यात सांधा, स्प्रिंग आणि खटका (उघडं पातं मिटू न देणारी कळ) यांवर पैसा गेलेला नसतो.

आता मूठ. हाताला साबणाचं पाणी लावा, सुरी किंवा उघडा चाकू नेहमीसारखा धरा आणि बांबूची कामटी हळूहळू तासा, पातं अंगापासून दूर नेत. बोटं पात्याकडे सरकतात का बघा. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा नसेल, तर टोक रुतवण्याच्या कामाला ती सुरी कितीही मजबूत असली तरी नको. याच ओल्या हाताने चाकू उघडायचा प्रयत्न करा. नखाच्या खाचेत नख घालून उघडायच्या चाकूला दोन हात आणि कोरडं नख लागतं. हातमोजे घालून बागकाम करणाऱ्याला तो जवळजवळ निरुपयोगी.

खटका: चाकूचा जीव इथे

चाकूने होणाऱ्या वाईट जखमा पातं बोटांवर मिटल्याने होतात, आणि ते मिटतं ठरावीक तीन प्रसंगी. टोक रुतवून भोक पाडताना, अडकलेलं पातं मागे ओढून काढताना, आणि पातं पिळताना. तिन्हीत जोर पाठीकडून येतो. त्यामुळे पातं उघडं कशाने राहतं ते समजून घेतल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

साध्या स्विस चाकूंच्या मुख्य पात्याला बहुधा खटका नसतोच. पाठीमागची स्प्रिंग पात्याच्या बुडावर, म्हणजे सांध्याकडच्या टोकावर, दाब देते, एवढंच. कापण्याचा जोर धारेकडून येत असतो तोवर काही होत नाही. म्हणून खटका नसलेल्या चाकूला एकच नियम: टोक रुतवायचं नाही. भोकासाठी त्याच चाकूतला टोच्या वापरा.

ओपिनेलला मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं असतं. हे कडं १९५५ मध्ये आलं. दणकट, साधं, पण आपण फिरवलं तरच. घाईत विसरलं की तो बिनखटक्याचाच चाकू.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी वाकून पात्याच्या बुडामागे येऊन बसते. फ्रेम लॉकमध्ये मुठीची जाड बाजूच ते काम करते. चाकू उघडून मुठीच्या फटीतून बघा. पट्टी बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागावर बसलेली हवी. नुसती कडेला टेकली असेल तर ती निसटू शकते. पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल तर खटका झिजला. मग जाड हातमोजा घाला, मुठीला फक्त दोन्ही बाजूंनी धरा, पातं मिटण्याच्या वाटेत एकही बोट ठेवू नका आणि पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर टेकवून जोर हळूहळू वाढवा. पट्टी जागची हलली तर चाकू बाद. पाठ आपटून परीक्षा घेतात काही जण. त्यात चांगला खटकाही बिघडतो आणि सिद्ध काहीच होत नाही.

बॅक लॉकमध्ये पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत बसतो. याचा शत्रू म्हणजे खिशातला कापसाचा भुगा. खाचेत तो साचला की दांडा पूर्ण खाली जात नाही, वरून मात्र बंद वाटतं. महिन्यातून एकदा टूथपिकने खाच कोरून घ्या.

पातं टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवा. सांधा स्क्रूचा असेल तर ढिलाई निघते: बहुधा टी-६, टी-८ किंवा टी-१० टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराचं स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो, आणि एका वेळी आठवा हिस्साच फिरवायचा. पातं घट्ट होऊन मिटेनासं झालं तर तेवढंच मागे घ्या. व्हिक्टोरिनॉक्ससारख्या रिव्हेट ठोकलेल्या सांध्याला हा उपाय नाही.

सुरीत यातलं काहीच नाही. पात्याची शेपटी मुठीत कुठवर गेली आहे यावर मोठे वाद चालतात, पण दहा सेंटिमीटरच्या आतल्या पात्याला मुठीत पाऊणभर गेलेली शेपटी पुरते. सुरीने दगड उचकटायचा नसतो.

म्यान

खराब म्यानातली सुरी ही उघडी सुरीच. सुरी म्यानात घाला, सतरंजीवर उलटी धरा आणि दहा वेळा जोरात झटका. एकदाही पडता कामा नये. त्याच वेळी एका हाताने, अंगठ्याने म्यानाला रेटा देऊन, ती सहज निघायलाही हवी. प्लॅस्टिकच्या म्यानाला तळाशी भोक हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत राहतं. वाळू आत गेली की पात्यावर ओरखडे पडतात, म्हणून अधूनमधून नळाखाली धरा. कातडी म्यान देखणं खरं, पण ते ओल धरून ठेवतं. कोकणात जून ते सप्टेंबर सुरी त्यात ठेवून दिली तर पात्यावर ठिपके येणारच. घरी सुरी आणि कातडी म्यान वेगवेगळं ठेवा.

सुरी परत घालताना म्यानाकडे बघून घाला आणि म्यान धारेच्या बाजूने मुठीत आवळू नका. जुनी शिवण आतून कापली गेलेली असते आणि पातं थेट तळहाताला भेटतं.

खाणं, पाऊस आणि गंज

किल्ल्यावरच्या मुक्कामात खिचडीसाठी कांदा-टोमॅटो चिरायचा असेल तर निवड सोपी आहे. सुरी धुतली, पुसली, संपलं. चाकूच्या सांध्यात मात्र टोमॅटोचा रस आणि बिया जातात, दोन दिवसांत वास येतो. आंबा त्याहून वाईट, साखर सुकली की पातं चिकटतं.

असा चाकू कोमट पाण्यात बुडवा, साबणाचा थेंब टाका आणि पाण्यातच आठ-दहा वेळा उघडमीट करा. जुन्या टूथब्रशने सांधा घासा. लाकडी मुठीचा असेल तर बुडवू नका, फक्त घासून पुसा. झटकून उघडाच ठेवून पूर्ण वाळू द्या, मग सांध्यात एक थेंब तेल. खाण्याचं कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. नाहीतर शिलाई मशिनचं तेलही चालतं. शेंगदाण्याचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं आणि खोबरेल थंडीत थिजतं. दोन्ही टाळा.

ओपिनेलची लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं बाहेर येईना होतं. अशा वेळी पक्कड लावू नका. कडं मोकळं आहे याची खात्री करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा. पात्याचं टोक थोडं वर येतं, मग बोटांनी काढा. कोरड्या दिवसांत मुठीला जवसाचं तेल पाजून ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

पोलादात दोन वाटा. कार्बन स्टीलला धार पटकन आणि बारीक लागते, पण लोखंडी विळीवर कैरीची फोड जशी काळी पडते तशीच इथेही पडते, आणि ओलं राहिलं तर रात्रीत गंज चढतो. १२सी२७ नावाच्या पोलादासारखं स्टेनलेस आपल्या हवेला बरं. किनारपट्टीवर राहणाऱ्याने पहिली खरेदी तरी स्टेनलेसचीच करावी. चाकूच्या बाबतीत तर हे अधिकच, कारण सांध्यातला गंज दिसत नाही.

कायदा, थोडक्यात

शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. आपले दोन्ही प्रकार या मापाच्या खूप आत आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात तेव्हा चाकू बाळगण्यालाच बंदी असू शकते, माप कितीही असो. पट्ट्यावर लटकवलेली सुरी शहरात नाहक नजरेत भरते, ती सॅकमध्ये खाली ठेवा. विमानात दोन्ही फक्त चेक-इन सामानात, म्यानात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी निवड कायद्यानेच केली आहे. मिटणारा, खटका नसलेला आणि धार तीन इंचांपर्यंतची असा चाकू विनाकारणही जवळ ठेवता येतो. खटक्याचा चाकू किंवा सुरी सार्वजनिक जागी न्यायला सबळ कारण दाखवावं लागतं. ओपिनेलचं कडंही खटक्यातच धरलं जातं.

धार

दोघांनाही हजार ग्रिटचा दगड पुरतो (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा). पाण्याचा दगड दहा मिनिटं भिजवा; डायमंड प्लेट नुसती ओली करा. कोन डोळ्यांनी ठरवू नका, पाठ दगडापासून किती उचलायची ते मोजा. पात्याची रुंदी वीस मिलिमीटर असेल तर वीस अंशांसाठी पाठ सात मिलिमीटर वर, पंधरा अंशांसाठी पाच. पंधरा मिलिमीटर रुंदीच्या चाकूला वीस अंशांसाठी पाचच. नाण्यांची चवड करून हे माप एकदा बघून घेतलं की हाताला सवय होते. मोराकनिव्हसारख्या सुरीला तेवढीही मोजणी नको, तिचा रुंद उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो.

एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या कडेला बोटाला खरखरीत बर, म्हणजे धारेवरून वळलेली धातूची बारीक कड, लागेपर्यंत. बर बुडापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. टोकाच्या वळणावर मूठ किंचित उचलली नाही तर तेवढाच भाग बोथट राहतो. मग दुसरी बाजू. शेवटी दर फेरीला बाजू बदलत, जोर अगदी कमी करत दहा फेऱ्या. चाकूच्या सांध्यावर आधी चिकटपट्टी गुंडाळा, दगडाचा गाळ आत गेला तर उघडताना करकर येते. बिनखटक्याच्या, नुसत्या स्प्रिंगच्या चाकूला घासताना पाठीवर बोटाने जोर देऊ नका, जोर पात्याच्या सपाट अंगावर द्या.

उरलेली बर जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर काढा, न्हावी वस्तरा ओढतो तशी. ओढताना पाठ पुढे आणि धार मागे, दर बाजूला पंधरा-वीस वेळा. उलट ओढलं तर पट्टाच कापला जातो.