गाडी मिसिंग करते? नवा सेन्सर घेण्याआधी हे करून पाहा

गेल्या मार्चमध्ये परभणीहून गंगाखेडला जात होतो. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. तो ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबला, तशी गाडी मिसिंग करायला, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्यानं धक्के मारायला लागली आणि डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात स्कॅनर लावला, तर दोन कोड आले, पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग) आणि पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी). "ऑक्सिजन सेन्सर गेलाय," म्हणून साडेचार हजारांचा सेन्सर बसवला. गाडी होती तशीच. खरा दोष एका कुरतडलेल्या वायरमध्ये होता. तो मला कसा सापडला, ते इथं क्रमानं सांगतो. तुमचे पैसे तरी वाचावेत.

आधी दिवा नीट बघा. तो नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर पाय हलका करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. अशा वेळी न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. तो पार्ट ठिणगी देणाऱ्या प्लग-कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो.

मग कोड वाचा. मोबाइलला जोडणारा ब्लूटूथ स्कॅनर साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो. स्टेअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. चावी ऑन करा, कोड बघा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. सोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते. दोष आला तेव्हा इंजिनाचे फेरे किती होते, लोड किती होता, इंजिन गार होतं की गरम, हे तिच्यात सापडतं. कोड लगेच खोडू नका, कारण त्याबरोबर ही नोंदही पुसली जाते.

पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी नाही, इकडून तिकडे फिरतंय. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. एक नंबरचा सिलिंडर बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूला असतो. पण पी०३०२ म्हणजे ‘दोन नंबर नीट जळत नाही’ एवढंच. प्लग गेला, कॉइल गेली, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चोक झाला की वायर तुटली, हे कोड सांगत नाही. मिसिंग असताना सोबत ऑक्सिजन सेन्सरचा किंवा ‘मिश्रण पातळ’ असा कोड आला, तर आधी मिसिंग काढा. न जळलेल्या सिलिंडरमधला प्राणवायू तसाच सायलेन्सरकडे जातो आणि सेन्सर तोच मोजतो. माझा जुना सेन्सर खरं तेच सांगत होता, आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं.

आता अदलाबदल करायची. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या पेट्रोल गाड्यांत हे घरीही जमतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, चावी काढा. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. आता कोड खोडून गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइलच खराब, कारण दोष तिच्यासोबत गेला. पी०३०२ च राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करा. प्लग काढण्याआधी तो ज्या खड्ड्यात बसतो त्यातली धूळ हवेनं उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर ती भरपूर साचते. खड्ड्यात तेल किंवा पाणी दिसलं तर तेही मिसिंगचं कारण असू शकतं. बोनेटखाली जोरात प्रेशरनं धुतलेल्या गाडीत हे होतं. प्लग बसवताना पहिले फेरे हातानंच द्या. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, पाना लावून जोर केला की आटे जातात.

माझ्या गाडीत कॉइल फिरवली, प्लग फिरवले, मिसिंग दोनलाच चिकटून. मग टॉर्च घेऊन दोन नंबरच्या कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या कनेक्टरच्या) वायरी बोटानं चाचपत गेलो. टेप गुंडाळलेल्या भागाच्या जरा मागं एक वायर अर्धी खाल्लेली, आतली तांब्याची तार चमकत होती. उंदीर! भाव येईल म्हणून ठेवलेली सोयाबीनची पोती ज्या शेडमध्ये, त्याच शेडमध्ये गाडी उभी असायची. वायर जोडली, सोल्डरचा डाग दिला, वर स्लीव्ह चढवली आणि मिसिंग बंद झालं.

वायरही चांगली असेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन उरतं. ते तपासायला मिस्त्रीच हवा. गाडी फक्त सीएनजीवर मिसिंग करत असेल, पेट्रोलवर नाही, तर प्लग आणि कॉइलवर जास्त संशय धरा. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून त्यांचा अशक्तपणा तिथं आधी दिसतो.

सेन्सरच्या कोडमध्येही हीच चूक होते. पी०११३ आला की हवेच्या तापमानाचा सेन्सर बदलतात. त्याआधी स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि स्क्रीनवर उणे ४०? म्हणजे सर्किट उघडं आहे, जोडणी कुठंतरी तुटलीय: बहुतेक वेळा एअर फिल्टर साफ करताना कपलर नीट लागलेला नसतो. पी०११८ म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, त्यातही असंच. सकाळी गाडी सुरू करण्याआधी चावी नुसती ऑन करा. रात्रभर उभ्या गाडीत हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. एकच खूप वेगळं दिसलं तर त्याच्या मागं लागा.

पी०१७१ एकटाच असेल तर ‘फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बऱ्याच काळाचा) मिळून साधारण अधिक-उणे दहा टक्क्यांत असावेत. आयडलला खूप वर आणि २५०० फेऱ्यांवर खाली येत असतील, तर कुठंतरी रबरी होज फाटून हवा ओढतेय. उलट लोडवर वाढत असतील, तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासा.

काम झालं की कोड खोडा आणि गाडी गार असल्यापासून गरम होईपर्यंत, थोडी शहरात थोडी हायवेवर, चालवा. मग ‘पेंडिंग’ कोडही बघा. दिवा लागण्याआधी दोष तिथं नोंदलेला असतो. आणि तरीही गॅरेजात जावं लागलं, तर "दिवा लागलाय" एवढंच सांगू नका. काढलेले फोटो दाखवा आणि म्हणा, "कॉइल आणि प्लग फिरवून पाहिले, मिसिंग दोनवरच राहिलं, आता वायरिंग आणि इंजेक्टर बघा."